रॉकचं मासिक नेमकं कुणासाठी निघतं?

सप्टेंबर २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या 'एनएमई' (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) या रॉक साप्ताहिकाने अंकावरची किंमत काढून टाकली आणि ते फुकट वाटायला सुरुवात केली. त्याआधी त्याचा खप आठवड्याला १५ हजारांच्या आसपास उरला होता. फुकट झाल्यावर तो ३ लाखांच्या वर गेला. जवळजवळ वीसपट! १९५२ साली सुरू झालेल्या या साप्ताहिकाचा तोवरचा सर्वांत मोठा खप १९६४ चा, बीटल्सच्या ऐन भरातला, आणि तोही ३ लाखांच्या थोडाच वर होता. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचे दिवस परत आले, असं निदान कागदावर दिसत होतं. तरीही मार्च २०१८ मध्ये छापील एनएमई बंद पडलं.

फुकट मिळणारं, लाखो हातांत जाणारं नियतकालिक अडीच वर्षांत गुंडाळावं का लागतं? याचं उत्तर संगीतात कमी आणि 'वाचक म्हणजे कोण' या प्रश्नात जास्त आहे. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परीक्षेत येतो, जाहिरातवाल्यांना रोज पडतो. पण जो कुणी पैसे देऊन अंक विकत घेतो, त्यालाही तो कळायला हवा असं मला मनापासून वाटतं. कारण आपल्यासाठी काय छापायचं आणि काय वगळायचं, हे त्याच उत्तरावरून ठरत असतं.

'ज्यांना रॉक आवडतं ते सगळे' हे उत्तर का चालत नाही

एखादं नियतकालिक ज्या ठरावीक लोकांना डोळ्यांसमोर ठेवून काढलं जातं, त्यांना टार्गेट ऑडियन्स म्हणतात. आपण इथे 'वाचकवर्ग' म्हणू. नवशिक्या संपादकाला विचारलं तर तो सहज सांगतो, "ज्यांना रॉक आवडतं ते सगळे." ऐकायला बरोबर वाटतं, पण त्या उत्तराच्या जोरावर एक पानही लिहिता येत नाही.

चष्म्याचं बघा. 'ज्यांना नीट दिसायला हवंय त्या सगळ्यांसाठी' असा चष्मा बनवता येत नाही. नंबर लागतो. एकाचा चष्मा दुसऱ्याने घातला तर त्याला आधी दिसत होतं तेवढंही दिसत नाही. रॉक ऐकणाऱ्यांचंही तसंच. पंधरा वर्षांची मुलगी आयुष्यातला पहिला आवडता बँड सापडल्याच्या आनंदात असते. बावीस वर्षांचा ड्रमर स्वतःच बँडच्या शोधात असतो. पन्नाशीचा माणूस तरुणपणी ऐकलेल्या एखाद्या अल्बमचं रेकॉर्डिंग कसं झालं, कोणत्या खोलीत झालं, तेव्हा बँडमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलं होतं, हे वाचायला आसुसलेला असतो. तिघांनाही रॉकच आवडतं. पण एकच मुखपृष्ठ तिघांसमोर धरलं तर दोघे तरी ते खाली ठेवतील.

म्हणून वाचकवर्ग ठरवणं म्हणजे आधी कुणाला सोडून द्यायचं हे ठरवणं. हा निर्णय संपादकाला जड जातो आणि तो टाळला की एक ना धड भाराभर चिंध्या अशी अंकाची गत होते.

बाहेरची ओळख: वय, कमाई आणि एक मोठी फट

वाचकाची ओळख दोन टप्प्यांत करून घेतात. पहिला टप्पा बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींचा: वय, स्त्री की पुरुष, शिक्षण, काम, कमाई, राहण्याचं ठिकाण. याला डेमोग्राफिक माहिती म्हणतात. ती मोजता येते, म्हणून सगळ्यांना आवडते.

ब्रिटनमध्ये १९५६ पासून 'नॅशनल रीडरशिप सर्व्हे' हे मोजमाप करत असे. त्याने लोकांचे सहा गट पाडले: ए, बी, सी-१, सी-२, डी आणि ई. वरच्या टोकाला बड्या पदांवरचे आणि व्यावसायिक, मधे कारकून आणि कुशल कारागीर, खालच्या टोकाला अकुशल कामगार आणि सरकारी मदतीवर जगणारे. आजही तिथल्या नियतकालिकांच्या चर्चेत 'एबीसी-१ वाचक' हा शब्द सर्रास ऐकू येतो. त्याचा अर्थ साधारणपणे मध्यमवर्गीय आणि त्यावरचा वाचक.

आता यातली फट पाहा. गट ठरायचा तो घरात सर्वांत जास्त कमावणाऱ्या माणसाच्या कामावरून. म्हणजे हेवी मेटल या दणदणीत रॉकने वेडावलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा गट कोणता? त्याच्या आईचा किंवा वडिलांचा. आई वकील असेल तर तो बी गटात, वडील गवंडी असतील तर सी-२ मध्ये. दोघं मुलं एकाच बाकावर बसत असतील, त्यांच्या कानांत तोच बँड वाजत असेल आणि ते एकच अंक अर्धा-अर्धा वाचत असतील, तरी तक्त्यात ती वेगळी. शिवाय हे सर्वेक्षण पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांचंच. चौदा वर्षांचा वाचक त्याच्या हिशेबात नव्हताच. आणि रॉकचं वेड नेमकं कोणत्या वयात लागतं, हे ज्यांना लागलं त्यांना विचारा.

अजून एक जोडी इथेच समजून घेऊ. विकल्या किंवा वाटल्या गेलेल्या प्रती म्हणजे खप. तो अंक प्रत्यक्ष वाचणारे लोक म्हणजे वाचकसंख्या. वर्गात एकाने घेतलेला अंक सहा जणांकडे फिरला तर खप एक आणि वाचकसंख्या सहा. या सर्वेक्षणात तर निदान दोन मिनिटं अंक वाचला किंवा चाळला, एवढ्यावर माणूस 'वाचक' ठरायचा. तेव्हा कुणी मोठा आकडा सांगितला, की तो खपाचा आहे की वाचकसंख्येचा हे आधी विचारावं.

आतली ओळख: अंक हातात घेऊन तो काय करतो?

दुसरा टप्पा मनाचा. आवडी, मूल्यं, स्वतःबद्दलची कल्पना, फावल्या वेळातले उद्योग. याला सायकोग्राफिक माहिती म्हणतात. रॉकच्या मासिकासाठी खरं सोनं इथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९७० च्या दशकात जे ब्लमलर, एलिहू कॅट्झ, डेनिस मॅक्वेल अशा अभ्यासकांनी माध्यमांबद्दलचा एक जुना प्रश्न उलटा केला. माध्यम माणसाचं काय करतं, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, माणूस माध्यमाचं काय करतो? त्यांना ढोबळमानाने चार गरजा दिसल्या. जगात काय चाललंय ते कळणं, रोजच्या कटकटीतून सुटका, इतरांशी नातं, आणि 'मी कोण' याचा शोध. हे कोरडं वाटेल, पण अंक उघडला की प्रत्येक पानावर ते दिसतं.

किशोरांच्या रॉक साप्ताहिकाच्या मधोमध पोस्टर का असतं? कारण अंक पिनांनी शिवलेला असतो आणि फक्त मधलं पान एकसंध असतं. पिना नखाने उचलायच्या, कागद फाटू न देता अलगद काढायचा, पिना परत दाबायच्या. मग ते पोस्टर पलंगाच्या वर लागतं आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला न बोलता सांगतं, 'मी यातला आहे.' दोन भोकं पडलेला तो कागद त्या वयात ओळखपत्राइतका मोलाचा असतो.

गिटारच्या मासिकात पोस्टरच्या जागी काय असतं? सहा आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. याला टॅब म्हणतात. सहा रेघा म्हणजे सहा तारा, आणि आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं ते. स्वरलिपी न शिकलेल्यालाही यावरून वाजवता येतं. हा अंक भिंतीवर लागत नाही. तो मांडीवर गिटार घेऊन बसलेल्या माणसासमोर उघडा पडलेला असतो, आणि त्याची कड वापरून वापरून दुमडलेली असते.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र 'मेलडी मेकर'चं. हे साप्ताहिक १९२६ साली निघालं ते नाचगाण्याच्या बँडांत वाजवणाऱ्या वादकांसाठी. पुढे ते पॉप आणि रॉककडे वळलं, पण मागच्या पानांवरच्या 'वादक पाहिजेत' या छोट्या जाहिराती चालूच राहिल्या. १९७० साली जेनेसिस या बँडला ड्रमर हवा होता. तिथली जाहिरात वाचून फिल कॉलिन्स निवडचाचणीला गेला आणि बँडमध्ये आला. काही महिन्यांनी गिटारवादक स्टीव्ह हॅकेटने त्याच साप्ताहिकात स्वतःची जाहिरात दिली आणि तोही जेनेसिसमध्ये दाखल झाला. पाच जणांच्या बँडमधले दोघे एका साप्ताहिकाच्या मागच्या पानांनी मिळवून दिले! अशा अंकाचा वाचक नुसता ऐकणारा नाही, तो उद्या मुखपृष्ठावर येऊ शकणारा माणूस आहे. हे वय आणि कमाईच्या तक्त्यातून कधीच कळलं नसतं.

अंक मागून उघडा

वाचक ओळखायची एक सोपी युक्ती. कोणत्याही संगीत मासिकाचे लेख बाजूला ठेवा आणि फक्त जाहिराती पाहा. लेखात संपादकाला आपला वाचक कसा वाटतो ते कळतं. जाहिरातीत मात्र कुणीतरी स्वतःचे पैसे लावलेले असतात. बँडचं नाव छापलेले टी-शर्ट आणि स्केटबोर्डचे बूट असतील तर वाचक किशोर. गिटारचा आवाज बदलणारे इफेक्ट पेडल आणि अॅम्प्लिफायर असतील तर वादक. महागडे स्पीकर, जुन्या अल्बमच्या जाडजूड बॉक्स सेट आणि पुनर्मीलन दौऱ्यांच्या जाहिराती असतील तर वाचकाचं वय वाढलंय आणि खिसाही. नंतर वाचकांची पत्रं वाचा. ते कशावरून भांडतात यावरून उरलेलं कळतं.

वाचक मोठा होतो, मग मासिकाने काय करायचं?

या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न हा. सोळाव्या वर्षी मिळवलेला वाचक दहा वर्षांनी सव्वीस वर्षांचा होतो. मासिकापुढे दोन वाटा असतात. एक वाट शाळेतल्या वर्गाची: दहावीचा वर्ग दहावीचाच राहतो, मुलं दरवर्षी बदलतात. दुसरी घरच्या डॉक्टरची: पेशंट तेच राहतात, डॉक्टरबरोबर म्हातारे होतात.

'केरँग' हा वर्ग होता. विजेच्या गिटारच्या जोरदार झंकाराच्या आवाजावरून त्याचं नाव पडलं. जून १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची जोड-पुरवणी म्हणून ते निघालं, संपादक होता जेफ बार्टन आणि पहिल्या मुखपृष्ठावर एसी/डीसी या बँडचा गिटारवादक अँगस यंग. तो अंक सोळाव्या वर्षी विकत घेतलेला मुलगा २००१ मध्ये छत्तीस वर्षांचा झाला. तोवर केरँगच्या मुखपृष्ठावर स्लिपनॉट आणि लिंकिन पार्क हे नवे बँड आले होते. त्याची तक्रार ठरलेली: "पूर्वीचं केरँग आता राहिलं नाही." मला वाटतं, ही तक्रार येणं हे केरँग आपलं काम नीट करत असल्याचं लक्षण होतं. ते अजून सोळा वर्षांच्याच मुलाशी बोलत होतं, फक्त मुलगा नवा होता.

मग तो छत्तीस वर्षांचा माणूस गेला कुठे? १९९८ साली 'क्लासिक रॉक' हे मासिक सुरू झालं होतं. त्यात त्याचेच जुने बँड होते आणि पुढे तिथे काम करायला खुद्द जेफ बार्टनही आला. संपादकानेही वाचकाबरोबर इयत्ता बदलली म्हणायची.

एका प्रकाशन संस्थेने तर या शिडीच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या स्वतःच बांधल्या. एमॅप ही ती संस्था. १९७८ पासून तिचं 'स्मॅश हिट्स' गाण्यांचे शब्द आणि रंगीत फोटो देऊन अगदी लहान वयाच्या पॉपप्रेमींना पकडत होतं. तिथे संपादक राहिलेल्या डेव्हिड हेपवर्थ आणि मार्क एलन यांनी १९८६ साली तिच्यासाठीच 'क्यू' काढलं. का काढलं हे फार महत्त्वाचं आहे. सीडी नुकती बाजारात रुळत होती. तिशीतली माणसं, हातात पगार असलेली, आपल्या जुन्या एलपी (मोठ्या तबकड्या) नव्याने सीडीवर विकत घेत होती. पण त्या वेळची साप्ताहिकं शाईने हात काळे करणाऱ्या कागदावर त्यांच्याशी कॉलेजच्या पोरांसारखं बोलत होती. क्यूने गुळगुळीत कागद दिला, पहिल्याच अंकावर पॉल मॅकार्टनी दिला आणि अल्बमना तारे देणारी भरपूर परीक्षणं दिली. १९९१ मध्ये संस्थेने केरँग विकत घेतलं आणि १९९३ मध्ये 'मोजो' काढलं, पहिल्या मुखपृष्ठावर बॉब डिलन आणि जॉन लेनन. तेरा वर्षांपासून पन्नाशीपर्यंत वाचक कुठेही घसरला तरी खाली एमॅपचंच जाळं.

त्यातलं क्यू जुलै २०२० मध्ये बंद झालं. मोजो त्या संकटातून तरलं. कोरोनाच्या साथीने क्यूचं शेवटचं बळ काढून घेतलं हे खरंच. पण त्याआधीच त्याच्या वाचकाची गरज विरघळली होती असं मला वाटतं. 'कोणती सीडी घ्यावी?' हा त्याचा प्रश्न होता. पैसे घालण्याआधी कुणी जाणकाराने सांगावं, ही गरज. स्ट्रीमिंगवर सगळंच आधी ऐकता यायला लागलं, तेव्हा तारे पाहायची निकड राहिली नाही. मोजोचा वाचक मात्र खरेदीचा सल्ला मागतच नव्हता. तो गोष्ट मागत होता, आणि गोष्ट अजूनही कुणीतरी लिहावीच लागते.

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, मग वाचकाचं काय?'

हा आक्षेप रास्त आहे. मासिक दोन ठिकाणी विकलं जातं. वाचकाला अंक विकतात, आणि जाहिरातदाराला त्या वाचकाचं लक्ष. जाहिरातदारासाठी वेगळी पुस्तिका असते, तिला मीडिया पॅक म्हणतात. त्यात वाचकाचं वय, कमाई, वर्षाला किती मैफिलींना जातो, कशावर खर्च करतो हे सगळं मांडलेलं असतं.

यातला ताण 'रोलिंग स्टोन'च्या इतिहासात लख्ख दिसतो. हे नियतकालिक नोव्हेंबर १९६७ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत निघालं. सुरुवातीच्या वर्गणीदारांना भेट म्हणून मिळायचा एक छोटा चिमटा, गांजाची सिगारेट बोटं न भाजता शेवटपर्यंत ओढण्यासाठी. वाचक कोण, हे याहून स्पष्ट काय सांगणार? पण १९८५ येईपर्यंत तोच वाचक नोकरीला लागला होता, घर-गाडी घेत होता. जाहिरातदारांच्या डोळ्यांसमोर मात्र अजूनही तो लांब केसांचा हिप्पीच. तेव्हा रोलिंग स्टोनने जाहिरातदारांसाठी एक मोहीम काढली. डाव्या पानावर लिहिलेलं 'समज' आणि खाली हिप्पी. उजव्या पानावर 'वास्तव' आणि खाली नीटनेटक्या कपड्यांतला तरुण. मोहीम गाजली आणि जाहिरात क्षेत्रात तिचं नाव आजही निघतं.

त्यात फसवणूक होती का? मला तसं वाटत नाही, वाचक खरोखरच बदलला होता. धोका दुसरा आहे. जाहिरातदाराला हवासा वाटणारा वाचक आणि आपला खरा वाचक यांत अंतर पडायला लागलं की संपादक हळूहळू पहिल्यासाठी लिहू लागतो, आणि दुसऱ्याला ते पहिल्याच परिच्छेदात कळतं.

'असा सरासरी वाचक प्रत्यक्षात असतो का?'

नाही, आणि तो असायला हवा असंही नाही. संपादक डोळ्यांसमोर ठेवतो त्या नमुना वाचकाच्या वर्णनाचा उपयोग निर्णय घेण्यापुरता. 'सोळा ते पंचवीस, रॉक आवडणारा' यावरून मुखपृष्ठ ठरत नाही. 'सतरा वर्षांची, घरच्यांची जुनी गिटार शिकतेय, पॉकेटमनी महिन्यातून एका मैफिलीपुरता, मैत्रिणींत हे संगीत ऐकणारी एकटीच' यावरून ठरतं. तिला मैफिलीचं वेळापत्रक हवं, सोपे टॅब हवेत आणि 'तू एकटी नाहीस' असं सांगणारं पत्रांचं पान हवं.

वर्णनात मी मुद्दाम मुलगी धरली. रॉकच्या मासिकांनी वर्षानुवर्षं वाचक म्हणजे मुलगाच असं गृहीत धरलं आणि कितीतरी वाचकांना दारातच अवघडून टाकलं. वर्णन लिहून काढलं की निदान असं गृहीतक डोळ्यांना दिसतं तरी.

वाचकाला जवळून ओळखायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्यालाच लिहायला बसवणं. १९७६ साली पंक हा बंडखोर रॉक उसळत असताना एनएमईने नव्या दमाचे लेखक मागवणारी जाहिरात दिली. त्यातून आले जिन या दारूच्या कारखान्यात काम करणारा टोनी पार्सन्स आणि अजून किशोरवयातली ज्युली बर्चिल. काल जे अंक विकत घेणाऱ्यांत शोभले असते, ते आज तो लिहीत होते.

'सगळं फोनवर मिळतं, आता वाचक उरलाय कुठे?'

बातम्यांसाठी अंक घेणारा वाचक खरंच उरला नाही. आठवड्याने येणारी बातमी कोण वाचणार? पण चार गरजांपैकी ती एकच होती. ओळख, नातं, रमणं या बाकीच्या गरजा कुठेही गेलेल्या नाहीत. केरँगचा साप्ताहिक अंक मार्च २०२० मध्ये थांबला आणि २०२१ च्या अखेरीस ते छापील रूपात परतलं ते तिमाही म्हणून. बातमी संकेतस्थळावर, आणि जपून ठेवायची वस्तू कागदावर.

आता पुन्हा एनएमईकडे. फुकट झालेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर होती रिहाना. गायिका म्हणून ती मोठीच, पण गिटारवाल्या नव्या बँडांसाठी हे साप्ताहिक घेणाऱ्या वाचकाला तो अंक आपला वाटेना. सिनेमा, मालिका, फॅशन अशी पानं वाढली. रेल्वे स्थानकांवर, विद्यापीठांत अंक हाती पडायचा आणि प्रवास संपला की आसनावर राहायचा. पैसे मोजून अंक घेणारा माणूस 'हे मला हवंय' असं सांगत असतो. फुकट घेणाऱ्याबद्दल एवढंच कळतं, की तो त्या दारातून गेला. मग जाहिरातदाराला त्याच्याविषयी काय सांगणार? असा 'कुणीही' वाचक जाहिरातदाराला इंटरनेटवर कितीतरी स्वस्तात मिळत होता. बंद करताना प्रकाशकांनी वाढता छपाईखर्च आणि छापील जाहिरातींची बिकट बाजारपेठ अशी कारणं दिली, आणि ती खरीच होती.

२०२३ मध्ये एनएमई पुन्हा कागदावर आलं. दर दोन महिन्यांनी, आणि प्रती मोजक्याच.